गेम हुबेहूब खरा दिसला म्हणून मुलगा मारकुटा होतो का?

कांदिवलीहून एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा १३ वर्षांचा, आठवीत. दोन वर्षं मोबाइलवर माइनक्राफ्ट खेळायचा, ठोकळ्यांची घरं बांधायचा, कुणाची काही तक्रार नव्हती. दिवाळीत मामाने टीव्हीला जोडून खेळायचा, वापरलेला कन्सोल आणून दिला, सोबत जीटीए ५ हा मारामारीचा, गुन्हेगारीचा गेम. आता हॉलमधल्या टीव्हीवर गाड्या, रस्ते, माणसं, रक्त सगळं इतकं हुबेहूब दिसतं की एकदा आजींना बातम्याच लागल्यात असं वाटलं. गेल्या महिन्यात त्याने कंट्रोलर भिंतीवर आपटला आणि सहा वर्षांच्या बहिणीला ढकललं. घरातले म्हणतात, खऱ्यासारखी मारामारी करून करून पोरगा मारकुटा होतोय. ठोकळ्यांचा गेम परत दिला तर शांत होईल का?

ताई, आधी उत्तर देते, कारणं मग.

ठोकळ्यांचा गेम परत दिल्याने राग जाईल याची खात्री मी देणार नाही. चित्र जितकं खरं तितका मुलगा हिंसक, हे गणित संशोधनात नीट बसलेलं नाही आणि माझ्या टेबलासमोर बसलेल्या मुलांमध्येही मला ते दिसलेलं नाही. जीटीए मात्र काढून ठेवा. तो १८ वर्षांपुढच्यांसाठीचा गेम आहे आणि तुमच्या घरात सहा वर्षांची मुलगी आहे. ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरोधात वाटतील. तशी ती नाहीत, त्याचं कारण पुढे येईलच.

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. दादरला २२ वर्षं शाळकरी आणि कॉलेजच्या मुलांबरोबर काम करते. आणि कबूल करते, पहिली सहा-सात वर्षं शाळाशाळांतून पालकसभांमध्ये मीच ठासून सांगत फिरत होते की रक्तबंबाळ गेम मुलांना हिंसक करतात. लोक माना डोलवायचे. खरंच वाटायचं ते मला. मत बदललं ते एखादा लेख वाचून नाही, मुलांना खेळताना बघून.

एक प्रसंग सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नववीतला मुलगा. वडील म्हणाले, "मॅडम, दिवसभर माणसं मारतो, मग अजून काय होणार?" मी मुलाला म्हटलं, फोन घेऊन ये आणि माझ्यासमोर खेळ. मी स्क्रीनकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेन. त्याला मजा वाटली. बीजीएमआय हा मोबाइलवरचा नेमबाजीचा गेम लावला. पंधरा-वीस मिनिटांत त्याने चार जणांना मारलं. चेहरा कसा, तर गवार निवडता निवडता बायका बोलत असतात तसा. मध्येच मला विचारलंसुद्धा, "मॅडम, इथे वायफाय नाहीये का?" नव्हतं. थोड्या वेळाने कोपऱ्यातला नेटवर्कचा आकडा लाल झाला, समोरची माणसं अडकत अडकत सरकायला लागली. मुलाचे खांदे वर गेले. जबडा आवळला. इअरफोनमधून मित्राचा आवाज मलाही ऐकू येत होता, "अरे रिव्हाइव्ह दे ना, काय करतोयस!" आणि नेमका तेव्हाच आईचा फोन आला. ती खाली मेडिकलमध्ये होती, काही आणू का विचारायला फोन केला होता बिचारीने. गेम झाकला गेला. तो परत आत जाईपर्यंत खेळ आटोपला होता. कान लालबुंद, फोन सोफ्यावर आपटला, आणि आई दारात दिसताच पहिलं वाक्य, "आत्ताच करायचा होता का फोन?"

चार माणसं मारताना काहीही न झालेल्या मुलाचे कान नेटवर्क गेल्यावर, मित्र ओरडल्यावर आणि एका फोनने डाव बुडल्यावर लाल झाले.

आणि त्या गेममधलं रक्त हिरवं होतं. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये भारतासाठी त्याची वेगळी आवृत्ती निघाली, तीच ही बीजीएमआय. तिच्यात रक्ताचा रंग हिरवा केला आणि 'किल'च्या जागी 'फिनिश' हा शब्द आणला. हेतू चांगलाच असेल. पण रक्त हिरवं झालं म्हणून माझ्याकडची गर्दी कमी झाल्याचं मला तरी आठवत नाही.

मला इतक्या वर्षांत उमगलेली गोष्ट एवढीच आहे. गेममधलं रक्त खोटं असतं हे १३ वर्षांच्या मुलाला पक्कं माहीत असतं. पण हार खरी असते. खाली घसरलेली रँक खरी असते. मित्राने घातलेली शिवी खरी असते, कारण तो मित्र उद्या शाळेत भेटणार असतो. राग या खऱ्या गोष्टींवर येतो, आणि या गोष्टी ठोकळ्यांच्या गेममध्येही तितक्याच खऱ्या असू शकतात.

माझं लहानपण गिरगावच्या चाळीतलं. मे महिन्यात कॉमन गॅलरीत कॅरम मांडलेला असायचा. कॅरममध्ये कोण कुणाला मारतं? तरी राणी घेतल्यावर कव्हर बसलं की नाही यावरून तिसऱ्या मजल्यावरून खाली गेलेला स्ट्रायकर मी पाहिलाय. दोन घरांनी चार दिवस एकमेकांकडे साखर मागितली नव्हती. लॉकडाऊनमध्ये मोबाइलवरच्या लुडोने किती घरांत भांडणं लावली, ते तर तुम्हीही पाहिलं असेल.

हे माझं निरीक्षण झालं, आणि निरीक्षणावर विसंबून राहायला मी आता घाबरते. म्हणून संशोधनाकडे येते.

२०१४ मध्ये ऑक्सफर्डचे अँड्र्यू शिबिल्स्की आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी काही प्रयोग एकत्र छापले. त्यांतला एक मला फार आवडतो, कारण त्यात टेट्रिस आहे. टेट्रिस म्हणजे वरून पडणारे ठोकळे रचायचे. त्यात ना माणूस, ना बंदूक. प्रयोगात येणाऱ्याला आधी सांगितलं जायचं की बर्फासारख्या थंड पाण्यात २५ सेकंद हात धर, ही वेळ तुझ्या आधीच्या माणसाने ठरवली आहे. मग त्याला टेट्रिस खेळायला द्यायचे. काहींना साधं, तर काहींना मुद्दाम असं केलेलं की जो तुकडा हवा तो येणारच नाही. शेवटी विचारायचे, पुढच्या माणसाने किती वेळ हात बुडवायचा? अडवणुकीचं टेट्रिस खेळलेल्यांनी पुढच्याला सरासरी १० सेकंद जास्त दिले. ठोकळ्यांनी! त्याच मालिकेत हाफ-लाइफ २ हा नेमबाजीचा गेम दोन रूपांत दिला होता, एकात शत्रू मारायचे, दुसऱ्यात ते नुसते हवेत विरून जायचे. मारण्या-न मारण्याने विशेष फरक पडला नाही. ज्यांना खेळ कसा चालवायचा हे आधी शिकवलं नव्हतं आणि जे चाचपडत राहिले, ते मात्र जास्त चिडले.

चाचपडणं हा शब्द लक्षात ठेवा. शेवटी तुमच्या कंट्रोलरबद्दल बोलताना तो पुन्हा लागेल.

आता 'हुबेहूब' या शब्दाकडे. १९७६ मध्ये अमेरिकेत डेथ रेस नावाचं आर्केड मशीन आलं. काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या काड्यांच्या आकृत्या, त्यांना गाडीने उडवायचं, की तिथे एक क्रूस उभा राहायचा. आज बघाल तर हसाल. तेव्हा वर्तमानपत्रांत गदारोळ झाला होता. १९९२ मध्ये मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम आला, त्यात खऱ्या नटांची चित्रं घेऊन पात्रं बनवली होती. पुढच्याच वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली, आणि १९९४ मध्ये गेमना वयाचे शिक्के देणारी व्यवस्था तिथे सुरू झाली. प्रत्येक वेळी म्हणणं एकच होतं, आता फार खरं दिसायला लागलंय. नव्वदच्या दशकात माझ्या मावसभावाने लॅमिंग्टन रोडवरून सीडी आणली होती, आम्ही सगळे कॉम्प्युटरभोवती उभे, "बापरे, काय खरं दिसतंय!" आता तोच गेम पाहिला तर पुठ्ठ्याची माणसं वाटतात. म्हणजे खरेपणा स्क्रीनवर जेवढा असतो, तेवढाच बघणाऱ्याच्या सवयीतही असतो. तुमच्या सासूबाईंना जे बातम्यांसारखं वाटलं, ते तुमच्या मुलाला चार दिवसांनंतर तसं वाटत नसतं.

मग नेमका खरेपणा वाढवून कुणी तपासलंय का? तपासलंय, आणि निकाल एका सुरात बोलत नाहीत. २००७ मध्ये जेम्स आयव्हरी आणि श्रीराम कल्याणरामन यांनी जुने आणि नवे गेम समोरासमोर ठेवले. नव्या, चकचकीत गेममध्ये खेळणारे जास्त गुंगले, शरीराची उत्तेजना वाढली, आपण तिथेच आहोत असं जास्त वाटलं. आक्रमकता वाढली नाही. २००९ च्या एका प्रयोगात उलट, खऱ्यासारख्या हिंसेनंतर उत्तेजना आणि आक्रमक विचार जास्त आढळले. २०१५ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कंट्रोलर हातात दिल्यावर खेळ जास्त खरा वाटतो आणि आक्रमक विचारही थोडे वाढतात, असं निघालं. त्यामुळे 'काहीच नाही' असं मी म्हणणार नाही.

मग २०१८ मध्ये यॉर्क विद्यापीठाचे डेव्हिड झेंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं काम आलं. सगळे प्रयोग मिळून ३,००० हून जास्त माणसं, या क्षेत्रात हा आकडा मोठा. त्यातल्या खरेपणाच्या प्रयोगात युद्धाच्या गेमच्या दोन प्रती होत्या. एकीत मेलेली माणसं ठरावीक साच्यात पडायची, दुसरीत खऱ्या देहासारखी कोसळायची, हातपाय चिंधीच्या बाहुलीसारखे लोंबत. खेळून झाल्यावर अर्धवट शब्द पूर्ण करायला द्यायचे. मराठीत सांगायचं तर 'मा_णे' असं लिहून द्यायचं. कुणी 'मागणे' करेल, कुणी 'माळणे', कुणी 'मारणे'. खऱ्यासारखे देह पाहिलेल्यांच्या मनात हिंसक शब्द जास्त घोळत असतील तर 'मारणे' जास्त यायला हवं. फरक निघाला नाही. हा प्रयोग प्रौढांवर होता, मुलांवर नाही, हे त्या संशोधकांनीही सांगितलं.

तुमच्या घरातल्याच गेमवरचाही एक अभ्यास आहे. जर्मनीत सिमोन क्यून यांच्या गटाने काही प्रौढांना दोन महिने रोज जीटीए ५ खेळायला लावलं, काहींना सिम्स ३ हा घर-संसाराचा गेम दिला, काहींना काहीच नाही. २०१९ मध्ये निकाल छापला. आक्रमकता, सहानुभूती, उतावळेपणा, कशातही लक्षणीय बदल नाही. माणसं ७७ होती, फार नाहीत. पण दोन महिने म्हणजे प्रयोगशाळेतली पंधरा मिनिटं नव्हेत.

तुम्ही विचाराल, मग इतकी वर्षं उलट का सांगितलं गेलं? त्याचं एक कारण मोजमापात आहे, आणि इथे मला थोडं हसू येतं. प्रयोगशाळेत कुणाला कुणाला मारू देता येत नाही. म्हणून आक्रमकता मोजायची कशी, तर दुसऱ्याच्या कानात किती मोठा आणि किती वेळ कर्कश आवाज सोडतोस यावरून. किंवा दुसऱ्याला किती तिखट सॉस खायला लावतोस यावरून. कोल्हापूरच्या माणसाची आक्रमकता यात किती भरेल देवच जाणे. २००० सालच्या क्रेग अँडरसन आणि कॅरन डिल यांच्या ज्या प्रयोगावर माझी जुनी भाषणं उभी होती, त्यात हेच आवाजाचं यंत्र होतं. एकीकडे वुल्फेनस्टाइन थ्रीडी, धावपळीचा नेमबाजीचा गेम. दुसरीकडे मिस्ट, निर्जन बेटावर निवांत कोडी सोडवायची. पहिला खेळलेल्यांनी हरल्यावर आवाज किंचित जास्त वेळ सोडला. पण ही तुलना कबड्डी आणि शब्दकोड्याची झाली. फरक हिंसेने पडला की धावपळीने? २०११ मध्ये कॅनडातल्या अडाची आणि विलबी यांनी स्पर्धा, अवघडपणा, वेग सगळं जुळवून हिंसक आणि बिनहिंसक गेम दिले, तेव्हा हिंसेने फरक पडला नाही. जो गेम जास्त चुरशीचा, मग तो गाड्यांच्या शर्यतीचा का असेना, त्याने आक्रमकता वाढली. आणि जर्मनीचे माल्टे एल्सन यांनी नंतर दाखवून दिलं की त्या आवाजाच्या यंत्राचे आकडे वेगवेगळे संशोधक इतक्या वेगवेगळ्या तऱ्हांनी मोजतात, की एकाच माहितीतून हवा तो निष्कर्ष काढता येईल.

दुसरी बाजूही सांगते. २०१८ मध्ये १७,००० हून जास्त मुलांवरचे, दीर्घकाळ पाठपुरावा केलेले २४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा हिंसक गेम आणि पुढची शारीरिक आक्रमकता यांत लहानसा पण खरा संबंध दिसला. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे हजार किशोरवयीनांवर, मुलाची वागणूक पालकांना विचारून, पाहिलं तर तो संबंध दिसला नाही. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेने २०२० मध्ये जी भूमिका घेतली, ती मला पटते: ओरडणं, ढकलणं अशा वागण्याशी हलका संबंध आढळतो, पण गंभीर हिंसेची, गुन्ह्यांची कारणं गेममध्ये शोधायला पुरेसा आधार नाही. आपण घरी बोलताना 'हिंसक' हा एकच शब्द बहिणीला ढकलण्यालाही वापरतो आणि चाकू काढण्यालाही. तिथेच निम्मा घोळ होतो. राजकोटमध्ये मार्च २०१९ मध्ये पबजी खेळतात म्हणून पोलिसांनी तरुण पोरांना धरलं होतं, ते याच घोळातून.

राहता राहिलं कार्टून. 'कार्टून निरुपद्रवी, खरं दिसणारं वाईट' असं घरोघर गृहीत धरलेलं असतं. अल्बर्ट बंडुरा यांनी १९६३ मध्येच बालवाडीतल्या मुलांना तीन तऱ्हांनी दाखवून पाहिलं होतं, हवेच्या बाहुलीला मारणारा माणूस प्रत्यक्ष, तोच चित्रपटात, आणि मांजराच्या पोशाखातलं कार्टूनसारखं पात्र. बाहुली हातात आल्यावर तिन्ही गटांतल्या मुलांनी तिला धुतलं. मांजरवाले कुठेही मागे नव्हते. मोठ्यांचं अनुकरण करायला लहान मुलाला चित्र खरं लागत नाही.

असं असेल तर मी जीटीए काढून ठेवा का म्हणते?

कारण खरेपणा दुसऱ्या ठिकाणी लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलांना खरं-खोटं वेगळं करायला वेळ लागतो. त्यांच्यात मारकुटेपणापेक्षा मला भीतीच जास्त दिसते. रात्री दचकून उठणं, बाथरूमला एकटं न जाणं, "तो माणूस मेला म्हणजे त्याची आई काय करेल?" असले प्रश्न. आपल्याकडे मुंबईत घर केवढं असतं? वन रूम किचन किंवा वन बीएचके. टीव्ही आहे तिथेच धाकटीचं अंथरूण, तिथेच आजींचा दिवाण. दादा खेळतो म्हणजे घर खेळतं. त्याचा गेम ती मुलगी रोज बघते, हातात काहीही नसताना, न थांबवता येता. युरोपातली वयाची पद्धत नेमकी याच अंगाने जाते. अवास्तव, खोटी खोटी मारामारी असेल तर ७ चा शिक्का चालतो, हिंसा खऱ्या आयुष्यात दिसावी तशी दिसायला लागली की १६ चा, अतिशय क्रूर झाली की १८ चा. आपल्याकडच्या मोबाइल ॲप स्टोअरवरही गेमच्या नावाखाली वयाचा आकडा असतो. मामांनी तो पाहिला नसणार, कुणीच पाहत नाही.

जीटीएच्या बाबतीत आणखी एक. त्यात रक्तापेक्षा बाईकडे बघण्याची नजर, पैसा आणि पोलीस यांबद्दलची थट्टा, ही मोठ्यांसाठीची खवचट थट्टा आहे. १३ व्या वर्षी ती थट्टा कळत नाही, नुसता मालमसाला कळतो. याचं संशोधन काय म्हणतं वगैरे मी इथे आणत नाही. आई म्हणून मला ते चालणार नाही, इतकंच.

आता बहिणीला ढकलण्याबद्दल. पंधरा दिवस एक वही करा. तो कधी चिडला, त्याच्या आधीच्या मिनिटात काय झालं, एवढंच लिहायचं. "गेम खेळत होता" असं नको. "हरला", "नेट गेलं", "जेवायला हाक मारली", "बहीण टीव्हीसमोरून गेली", "मित्र हसले" असं. माझ्याकडे येणाऱ्या दहा वह्यांतल्या सात-आठ वह्यांत दोन ओळी सारख्या असतात, मध्येच तोडलं आणि रात्री उशीर झाला होता. अपुऱ्या झोपेचा मुलगा कशावरही चिडतो, गणिताच्या पेपरावरही.

तोडण्याचं बघा. ऑनलाइन मॅच थांबवता येत नाही. अर्ध्या तासाच्या मॅचच्या पंचविसाव्या मिनिटाला आपण "आत्ताच्या आत्ता बंद कर" म्हणतो, तेव्हा तो तीन मित्रांना मैदानात सोडून जात असतो. गल्ली क्रिकेटमध्ये शेवटच्या ओव्हरला आई बोलवायला आली की काय व्हायचं, आठवा. मॅच सुरू होण्याआधी विचारा, "ही शेवटची ना?" आणि ती संपल्यावर तो उठला नाही तर मग आवाज चढवा, तेव्हा तुमची बाजू बरोबर असेल.

कानावरचे हेडफोन दिवसातून एकदा काढायला लावा आणि आवाज स्पीकरवर ऐका. कोण बोलतंय, काय बोलतंय. शेजारच्या बिल्डिंगमधली पोरं असतील तर ठीक. पंचवीस वर्षांचा अनोळखी पुरुष आईबहिणीवरून शिव्या घालत असेल, तर चित्र कितीही गोडगोजिरं असो, तो गेम वाईट. खऱ्या माणसाचा आवाज हा कुठल्याही ग्राफिक्सपेक्षा खरा असतो, आणि मुलं तोच घरी आणतात.

ढकलल्याबद्दल मात्र माफी नाही. "गेममुळे झालं" हे वाक्य त्याच्या तोंडून येऊ देऊ नका, आणि तुम्ही तर मुळीच म्हणू नका. एकदा ती सबब हातात आली की मुलं ती फार हुशारीने वापरतात. ढकललंस, तिला लागलं, तिला विचार कुठे लागलं.

काळजी कधी करायची? खेळाशी संबंध नसताना मारतोय, शाळेतून तक्रारी येतायत, प्राण्यांना त्रास देतोय, काही दिवसांत एकदम गप्प झालाय, तर कन्सोल कपाटात टाकून प्रश्न सुटणार नाही. एका मुलाला बंदुकीच्या गेमचं निमित्त सांगून आणलं होतं. तिसऱ्या भेटीत कळलं की वडील पट्ट्याने मारायचे. घरात खरीखुरी मारामारी चालू होती आणि सगळे टीव्हीकडे बोट दाखवत होते. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंग डिसऑर्डर हा आजार यादीत घेतलाय, पण तो म्हणायला खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं, हे साधारण वर्षभर दिसावं लागतं. दिवाळीच्या सुट्टीतले आठ तास म्हणजे व्यसन नव्हे. दाखवावंसं वाटलंच तर खासगी फी परवडायलाच हवी असं नाही, केईएम, नायर, सायन या पालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराची ओपीडी आहे.

आणि तो कंट्रोलर. भिंतीवर आपटलेल्या कंट्रोलरची अंगठ्याने फिरवायची काडी बऱ्याचदा सैल होते आणि हात न लावताही एका बाजूला सरकत राहते. मुलं याला ड्रिफ्ट म्हणतात. नेम धरला उजवीकडे, गेला डावीकडे. म्हणजे टेट्रिसच्या त्या प्रयोगात मुद्दाम करायला लागलं, ते तुमच्या घरी फुकट चालू आहे. चाचपडायचं, हरायचं, चिडायचं, पुन्हा आपटायचं. आज मुलाला विचारा, "ड्रिफ्ट मारतोय का?" हा शब्द तुमच्या तोंडून ऐकून तो आधी चमकेल, मग पाच मिनिटं सविस्तर सांगेल. ती पाच मिनिटं ऐका. मग दोघं मिळून लॅमिंग्टन रोडला जाऊन तो दुरुस्त करून आणा, पैसे त्याच्या दिवाळीच्या ओवाळणीतले. दुरुस्त होईपर्यंत खेळ बंद, आणि कारण सांगायचं ते एवढंच की कंट्रोलर बिघडलाय.